वाचकांचे प्रश्न : घरच्यांना थँक्यू कसं म्हणायचं?

प्रश्न : ताई, मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये तीन वर्षं खेळले, यावर्षी कॅप्टन पण होते, दोनदा युनिव्हर्सिटीकडून वेस्ट झोनच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाऊन आले. पुढच्या शनिवारी आमचा निरोप समारंभ आहे आणि सरांनी मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. मोबाईलवर मी अमेरिकेतल्या कॉलेजचे व्हिडिओ बघितले, तिथे शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंना घरच्या ग्राउंडवरच्या शेवटच्या मॅचआधी आईवडलांसोबत कोर्टवर बोलवतात, फुलं देतात, सगळे रडतात. ते बघून मी पण रडले. पण आमच्या घरी ताई असं कुणी थँक्यू वगैरे म्हणतच नाही. घरी आम्ही तेलुगू बोलतो, अम्मा विड्या वळते, नान्ना म्हणजे वडील यंत्रमागावर टॉवेलच्या कारखान्यात आहेत. अम्माला मी थँक्यू म्हटलं तर ती म्हणेल काय झालं गं, बरी आहेस ना. नान्ना तीन वर्षांत एकही मॅच बघायला आले नाहीत, ग्राउंड घरापासून वीस मिनिटांवर आहे तरी. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. सर खूप कडक आहेत, एकदा मी टीममधल्या मुलीवर ओरडले म्हणून सेमीफायनलला मला पूर्ण पहिला हाफ बाहेर बसवलं होतं. आणि टीममधल्या मुलींचं तर काय सांगू, त्या नसत्या तर मी पहिल्याच वर्षी सोडलं असतं. मी भाषण लिहायला बसले की सगळं ‘मी सर्वांची ऋणी आहे’ असलं येतं आणि ते माझं वाटतच नाही. काय बोलू?
— एक खेळाडू, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हातातला चहा गार झाला, कारण तीसेक वर्षांपूर्वी अशाच एका समारंभात मी पण उभी होते, याच सोलापुरात, आणि मी नेमकं तेच बोलले जे तू खोडून टाकतेयस. प्राचार्य, सर, आईवडील, मैत्रिणी, सगळ्यांची ऋणी. टाळ्या पडल्या आणि मी खाली बसले.

त्या भाषणात एक माणूस राहिला. आमच्या ग्राउंडच्या गेटची किल्ली ज्यांच्याकडे असायची ते शिपाई काका. आम्ही त्यांना किल्लीकाकाच म्हणायचो. सकाळी साडेपाचला प्रॅक्टिस, मातीचं कोर्ट, ते आधी येऊन पाणी मारून ठेवायचे म्हणजे धूळ उडू नये. आमच्या वेळी मुलींना पण मुलांचाच सात नंबरचा बॉल होता, तुमच्यासारखा सहा नंबरचा लहान बॉल नव्हता, आणि सुटीत एकटीने प्रॅक्टिस करायला मी उशिरा, सात-साडेसातला यायचे तेव्हा काका गेलेले असायचे. पण गेट ओढलं की उघडायचं. मला कायम वाटायचं की कुलूप खराब आहे. पुढे बऱ्याच वर्षांनी बाजारात कुणीतरी सांगितलं की काका इथेच राहतात, म्हणून मी सहज घरी गेले, म्हटलं काका तुमचं नाव मी त्या दिवशी घ्यायला हवं होतं, राहून गेलं. ते म्हणाले, त्याचं काही नाही गं, तू उशिरा येतेस हे माहिती होतं म्हणून मी कुलूप नुसतं अडकवून ठेवायचो, दाबायचो नाही. वरच्यांना कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मी तिथे त्यांच्या ओट्यावर बसले होते आणि मला पुढे बोलताच येईना.

म्हणून तुला पहिलं सांगते ते हे की भाषण लिहूच नकोस अजून. शनिवारला वेळ आहे. आधी विचारून ये. ज्यांना ज्यांना थँक्यू म्हणायचंय त्यांच्याकडे जा, समोर बस आणि विचार की माझ्या खेळण्यासाठी तुम्ही काय काय केलं जे मला माहितीच नाही. अम्मा काही सांगणार नाही लगेच, तिचं विड्यांचं सूप मांडीवर असेल, हात चालू असतील, तू पण शेजारी बस, पानं कापून दे, मग ती बोलेल. वेस्ट झोनला जाताना तुझ्या बॅगेत कडक भाकरी आणि शेंगा चटणी कुणी भरली, ती कधी उठली, त्या दिवशीच्या विड्या कधी वळून झाल्या, कारण कारखान्यात माल तर द्यावाच लागतो ना, मुलगी स्पर्धेला चाललीय म्हणून कुणी मोजून कमी घेत नाही. शूजचे पैसे कुठून आले ते विचार. पहिला जोड किती महिने टिकला ते तुला आठवत असेल, सिमेंटच्या कोर्टवर सोल कसा झिजतो ते मला माहितीय.

नान्नांचं. हे तुझ्या पत्रातलं सगळ्यात दुखरं आहे आणि तू लिहिलंस ते चांगलं केलंस. ते का आले नाहीत ते मला इथे बसून सांगता येणार नाही, पण यंत्रमागावर पाळी चुकली की त्या दिवसाचा पैसा गेला हे सोलापुरात कुणाला वेगळं सांगायला नको, आणि तुमच्या मॅचेस सगळ्या कामाच्या दिवशी दुपारच्या. दुसरं म्हणजे मागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाला बऱ्याचदा कमी ऐकू येतं, चारचौघांत आपल्याला काही कळणार नाही म्हणून अशी माणसं गर्दी टाळतात, माझ्या मामांचं असंच होतं. कदाचित यातलं काहीच नसेल. विचार त्यांना. रागाने नको, नुसतं विचार, नान्ना तुम्ही का आला नाहीत. जे उत्तर येईल ते ऐकून घे, आवडो न आवडो. आणि मग एखाद्या संध्याकाळी, मॅच नसताना, त्यांना कोर्टवर घेऊन जा. रिंगखाली उभं कर, दहा फूट वर असते ती रिंग, खालून बघितल्याशिवाय कळत नाही किती उंच आहे. दहा फ्री थ्रो मारून दाखव. बॉल त्यांच्या हातात दे. माझी खात्री आहे ते आधी त्याचं शिवण आणि दाणे बोटांनी चाचपून बघतील, कापड बघणारा माणूस आहे.

सरांबद्दल सगळं खरं बोल. सेमीफायनलला बाहेर बसवलं तेव्हा खूप राग आला होता हे पण बोल, स्टेजवरून बोल, सरांना ते आवडेल. नुसतं ‘सरांनी घडवलं’ म्हटलं तर ते वाक्य कुठल्याही सरांना लागू पडतं. पण डाव्या हाताने ले-अप, म्हणजे पळत जाऊन रिंगजवळून बॉल टाकणं, जमेना तेव्हा त्यांनी किती दिवस उजवा हात पाठीमागे धरायला लावला, असं काही असेल तर ते फक्त तुझ्या सरांचंच आहे. मी इतकी वर्षं मुलींना शिकवतेय, मला विचारशील तर खेळाडूने तसं एक वाक्य माझ्याबद्दल बोलावं यापुढे मला शाल-श्रीफळ काहीच वाटत नाही.

आता मुली. तुला माहितीच आहे आपल्याकडे स्कोअरशीटवर पॉइंट आणि फाउल लिहितात, पास कुणी दिला ते लिहित नाहीत, आणि स्क्रीन लावणाऱ्या मुलीचं तर कुठल्याच कागदावर काही येत नाही, ती नुसती उभी राहते, समोरची येऊन तिच्यावर आदळते आणि तू मोकळी होऊन शॉट मारतेस. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात डीन स्मिथ म्हणून कोच होते, 1961 ते 1997 अशी 36 वर्षं, त्यांनी खेळाडूंना एक सवय लावली होती की बास्केट झाली की ज्याने पास दिला त्याच्याकडे बोट दाखवायचं. पुढे ते सगळीकडे पसरलं, आता आपल्या पोरी पण करतात, कुठून आलं ते माहिती नसतं. तू स्टेजवर तेच कर. एकेकीचं नाव घे आणि कुठल्या मॅचमध्ये तिने काय केलं तेवढं सांग, एका वाक्यात. जानेवारीत सगळं सोलापूर गड्ड्याच्या यात्रेत असताना कोण कोण प्रॅक्टिसला आलं होतं ते सांग. आणि जिच्यावर तू ओरडलीस तिचं नाव सगळ्यात आधी घे. माफी तिला एकटीला गाठून आधीच माग, स्टेजवर नको, तिथे तिला ‘असू दे’ म्हणण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

आणि अम्मा-नान्ना समारंभाला आले तर त्यांच्यासाठीचं तेलुगूत बोल. दोनच वाक्यं. हॉलमधल्या बाकीच्यांना नाही कळलं तरी चालेल, आणि सोलापुरात निम्म्यांना कळेलच. थँक्यू शब्द नको वाटत असेल तर नको घेऊ. ‘तू चार वाजता उठायचीस हे मला माहितीय’ एवढं म्हटलं की अम्माला पोचतं.

प्रश्न : ताई, मी पण यावर्षी पास आउट होतोय. मी तीन वर्षं टीममध्ये आहे पण खरं सांगायचं तर बेंचवर. सगळ्या मॅचेस मिळून पंधरा-वीस मिनिटं खेळलो असेन. ग्रुपवर सगळे लंबे लंबे मेसेज टाकतायत, सरांना थँक्यू, टीमला थँक्यू. मला काही सुचत नाही. मी काय म्हणून आभार मानू?
— एक विद्यार्थी, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : बाळा, ते वरच्या उत्तरातले डीन स्मिथ, त्यांची अजून एक गोष्ट आहे ती तुझ्यासाठी राखून ठेवली होती. सीझनमधल्या घरच्या शेवटच्या मॅचला ते शेवटच्या वर्षाच्या सगळ्या मुलांना सुरुवातीलाच कोर्टवर उतरवायचे, स्टार असो नाहीतर वर्षभर बेंचवर बसलेला असो. एका वर्षी अशी मुलं सहा निघाली. कोर्टवर खेळतात पाच, हे त्यांना काय माहिती नव्हतं होय, पण एकाला खाली बसवायचं तर कुणाला, म्हणून त्यांनी सहाच्या सहा उतरवले आणि नियम मोडल्याचा टेक्निकल फाउल घेतला.

तुझ्या सरांनी तसं केलं नसेल, आपल्याकडे घरच्या मैदानावर सीझनभर मॅचेस होतच नाहीत, दोन-तीन दिवसात एका ठिकाणी स्पर्धा उरकते. पण रोज संध्याकाळी त्या पाच जणांनी प्रॅक्टिस कुणाविरुद्ध केली? समोर तूच होतास ना, तू आणि बेंचवरचे बाकीचे. तू दम लागेपर्यंत डिफेन्स केलास म्हणून त्यांना मॅचमध्ये सोपं गेलं, आणि हे त्यांनी तुला सांगायला पाहिजे, तू त्यांना नाही. मनात नसेल तर ग्रुपवर काही टाकू नकोस. पण तीन वर्षांत एखादा तरी असेल की ज्याने टाइम-आउटमध्ये स्वतः पाणी प्यायच्या आधी बाटली तुझ्याकडे दिली, किंवा हरल्यावर परतीच्या गाडीत तुझ्या शेजारी येऊन बसला. त्याला फोन कर.

आणि तुझा जर्सी नंबर लिहायचा राहिलाय, तो मला कळव.