शास्ता डेझीच्या मध्यभागी टक्कल पडतं तेव्हा

तुमच्या 'बेकी'ला (शास्ता डेझी या पांढऱ्या फुलझाडाचा एक वाण) तिसऱ्या वर्षी फुलं फक्त कडेकडेने आली, मधे टक्कल पडलं, म्हणून खत वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. खत वाढवू नका. झाड उपाशी नाही, म्हातारं झालंय. जास्त नायट्रोजनने दांडे नुसते लांबतील आणि पहिल्या पावसात आडवे पडतील.

मीही न्यू जर्सीतच ही डेझी बरीच वर्षं लावतोय. बहुवार्षिक असली तरी दर दोन-तीन वर्षांनी तिचा गड्डा फोडावाच लागतो. आपल्याकडे शेवंतीच्या काश्या (मुळांसकट फुटलेले कोंब) काढून नव्याने लावतात ना, अगदी तसंच. एप्रिलमध्ये कोंब बोटभर वर आले की चहूबाजूंनी फावडं घालून अख्खा गड्डा उचला आणि उलटा करून बघा. मधला भाग तपकिरी, लाकडासारखा, मुळं जवळजवळ नाहीतच. कडेच्या कोंबांना मात्र पांढऱ्या मुळांचे झुपके असतात. मी जुन्या पावाच्या सुरीने कडेचे मुठीएवढे तुकडे कापतो, प्रत्येकात चार-पाच कोंब, आणि दीड-दोन फुटांवर लावतो. मधला भाग टाकून द्या. जीव तुटतो, पण त्यातून काही फुटत नाही.

बी धरून ठेवण्यात अर्थ नाही. ल्यूथर बरबँकने कॅलिफोर्नियात युरोपातल्या डेझींचे आणि शुभ्रतेसाठी जपानी डेझीचे संकर करून १९०१ मध्ये ही शास्ता आणली. असल्या संकराच्या बियांतून हुबेहूब 'बेकी' येत नाही. ती हवी तर काश्याच.

आता जे मला महागात पडलं ते सांगतो. इथल्या थंडीपेक्षा थंडीतली ओल हिला जास्त मारते. एका नोव्हेंबरात मी मायेने शेणखताचा जाड थर थेट गड्ड्यांवर रचला. मार्चमध्ये बाजूला केला तर कोंब चिखलासारखे हातात आले. सगळी रांग गेली. तेव्हापासून आमच्या चिकणमातीत वाफा अर्धा फूट उंच करतो आणि आच्छादन गड्ड्यापासून चार बोटं लांब ठेवतो. ऊन रोज किमान सहा तास हवंच.

जुलैत वाळलेलं फूल नुसतं खुडू नका. दांड्यावर खाली बघत जा, पानाच्या बेचक्यात बारीक कळी दिसेल. तिच्या जरा वर कापा. असं करत राहिलं की माझ्याकडे सप्टेंबरपर्यंत फुलं असतात.