डोकं दुखत नाही, प्रार्थना करते आहे

प्रिय मुली,

सलाम.

नाताळात आलीस तेव्हा हसत हसत सांगत होतीस, की कॅन्टीनमध्ये डबा उघडण्याआधी तू कपाळाला हात लावून डोळे मिटतेस आणि कोणी “डोकं दुखतंय का गं?” म्हटलं की “हो, जरा” म्हणून मोकळी होतेस. तुझ्या आईला हसू आलं. मला आलं नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांची आडनावं गायकवाड, साळवे, पवार अशीच. पुण्यात कोणाला पत्ता लागत नाही, त्यामुळे लपणं फार सोपं जातं. पण रविवारी कुठे होतीस या प्रश्नाला एकदा “काम होतं” म्हटलं, की गुड फ्रायडेला दुसरी थाप लागते आणि डिसेंबरात तिसरी. सहा महिन्यांनी खरं सांगायला गेलीस तर लोकांना त्याहून जास्त हे लागतं, की इतके दिवस का दडवलंस. म्हणून पहिल्यांदाच सांगून टाकावं, तेही सहज. “उपासनेला गेले होते.” बस. पुढे प्रवचन नको आणि न मागता कोणाच्या हातात प्रचाराची पत्रिका तर मुळीच नको. बायबलात पेत्र लिहितो की विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. यातलं ‘विचारणाऱ्याला’ आपली उत्साही मंडळी सोयीस्कर विसरतात.

कोणीतरी टोमणा मारेलच, “तुम्ही काय, पैशासाठी बाटलेले.” चिडू नकोस. १८७६-७७ च्या दुष्काळात मिशनने आपल्याकडच्या पुष्कळांना जगवलं, त्यात तुझ्या पणजोबांचे वडील होते. हे लाजेने सांगायचं कारण नाही. म्हणावं, हो, जेवू घातलं. पण आता कोणी घालत नाही, तरी आम्ही जातो. आणि ‘परका धर्म’ म्हणणाऱ्याला नारायण वामन टिळकांची आठवण दे. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण मराठी कवितेतून हा माणूस कोणाला हलवता आला नाही. त्यांची भजनं आपण पेटी-तबल्यावर म्हणतो, ती काय विलायती आहेत?

गणपतीत ऑफिसच्या आरतीला मान राखून उभी राहा, टाळी वाजवलीच पाहिजे असं नाही. प्रसादाचं विचारलंस. बायबलात पौलाने करिंथकरांना पाठवलेल्या पत्रात मूर्तीला वाहिलेल्या अन्नावर अख्खा अध्याय लिहिला, तरी वाद मिटला नाही. मी घेत नाही, आमच्या चर्चच्या पाळकबाई घेतात. दोघी एकाच बाकावर बसतो.

आता तुझ्या धाकट्या भावाच्या प्रवेशाच्या फॉर्मचं, धर्माच्या रकान्यात काय लिहायचं ते. हे खरं अवघड. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती बाहेरच राहिले. जात मात्र बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली जात नाही, गाव ती लक्षात ठेवतं. माझ्या मते हा अन्याय आहे. म्हणूनच रविवारी चर्चमध्ये आणि कागदावर हिंदू, असं जगणारी कितीतरी घरं आपल्या गल्लीत आहेत. मुलांच्या फीसाठी ज्या बापाने तसं लिहिलं, त्याला मी खोटारडा म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. पण तुझे वडील तुझं मत विचारताहेत, तर खरं तेच सांग. खोट्या रकान्यावर मिळवलेली जागा मुलाच्या मानेवर कायम टांगती राहते, आणि चर्चच्या फोटोत उभं राहायलासुद्धा तो घाबरायला लागतो. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात ओबीसीत जागा आहे. लाभ कमी, पण आपल्या नावाने मिळणारा. राहिलेल्या फीला तुझ्या पगारातून हातभार लाव. वडिलांशी वाद घालण्यापेक्षा ते जास्त पटेल त्यांना.

बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी धाकट्याला मे महिन्याच्या आधीच माझ्याकडे पाठव. चर्चच्या मंडळीचं रजिस्टर जुनं आहे, नाव शोधायला वेळ लागतो, आणि सेक्रेटरी फक्त शनिवारी दुपारी असतात.

तुझ्या संडेस्कूलच्या बाई