जवळच जायचंय ना, मग तर नीट ठरव

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. या वर्षी परदेशाचा प्लॅन रद्द केला, त्याऐवजी घरापासून जवळच चार-पाच दिवस कुठेतरी जाऊन येतो असं लिहिलंस, आणि अगदी शेवटी "मुलांना सांगताना जरा कसंतरीच झालं" असंही लिहिलंस. त्या शेवटच्या ओळीसाठी हे पत्र लिहितेय, बाकी जागा वगैरे तू शोधशीलच.

अरे, ते कसंतरीच वाटणं मला माहितीय. "ट्रिप" म्हटलं की हल्ली आपल्या डोळ्यासमोर विमानच येतं आणि जवळ जायचं म्हटलं की काहीतरी कमी केल्यासारखं वाटतं. पण लोकांना फिरायला नेण्याचा जो धंदा जगभर पसरला त्यातलं सगळ्यात मोठं नाव थॉमस कुकचं, आणि त्यानं ५ जुलै १८४१ ला काढलेली पहिली सहल होती इंग्लंडमधल्या लेस्टरपासून लॉफबरोपर्यंत, रेल्वेनं, वीस किलोमीटरच्या आतलं अंतर, पाचशेच्या आसपास माणसं, गेली आणि त्याच दिवशी घरी परत. सुरुवात तिथून झालीय. तेव्हा मुलांना सांगताना "या वर्षी एवढंच जमणार" असं वाक्य तोंडातून काढू नकोस, मुलं ते "एवढंच" बरोबर पकडतात आणि मग जागा कितीही छान असली तरी त्यांच्या लेखी ती बदलीची जागाच राहते. "आपण इथे जातोय" एवढंच सांग आणि तिथे काय काय आहे ते सांग.

आता मुद्द्याचं. जवळची सुट्टी फसते ती जवळ असल्यामुळे नाही, ती फसते कारण घरातलं कोणीच तिला सुट्टी मानत नाही. हे मी भोगलंय म्हणून सांगते. मुलं लहान असताना आम्ही पण असाच मोठा प्लॅन रद्द करून दोन तासांवरच्या एका जागी गेलो होतो. जवळच तर आहे म्हणून सकाळी निघायचं ते दुपारी निघालो, जवळच तर आहे म्हणून मी लॅपटॉप घेतला, जवळच तर आहे म्हणून नवरा दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाचं काम उरकायला परत गेला आणि रात्री उशिरा आला. तिसऱ्या दिवशी मुलीनं मला विचारलं, आई, आपण खरंच सुट्टीवर आलोय का. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि अजूनही ते आठवलं की वाईट वाटतं. विमानाची तिकिटं काढली असती तर आमच्यापैकी कोणीच असं वागलं नसतं, बरोबर ना? परदेशी जाताना पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक आहे का इथपासून आपण सगळं तपासतो, महिनोन्महिने आधी रजा टाकतो, ऑफिसला बजावून सांगतो. तेवढी इज्जत जवळच्या सुट्टीला दे, माझं सांगणं खरं तर एवढंच आहे, पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

म्हणून जागा नंतर, तारखा आधी. आजच रजा टाक, दोघांनीही, आणि राहण्याचं बुकिंग थोडे तरी पैसे भरून पक्कं कर, म्हणजे "पुढच्या आठवड्यात बघू" ला जागा राहत नाही. सुझान शू आणि आयलेट निझी या दोघी संशोधकांचा २०१० चा एक अभ्यास आहे, आनंदाच्या गोष्टीसुद्धा माणसं कशी पुढे ढकलतात यावर. त्यांनी लोकांना केक-पेस्ट्रीचं गिफ्ट कूपन दिलं, काहींना तीन आठवड्यांची मुदत आणि काहींना दोन महिन्यांची. जास्त मुदतवाल्यांना आपण ते नक्की वापरू असा विश्वास जास्त होता, प्रत्यक्षात तीन आठवडेवाल्यांपैकी ३१ टक्क्यांनी वापरलं आणि दोन महिनेवाल्यांपैकी फक्त ६ टक्क्यांनी. शहरात कायमचं राहणाऱ्या लोकांच्या तिथल्याच प्रसिद्ध जागा बघायच्या राहून जातात आणि थोड्या दिवसांसाठी आलेला पाहुणा पटापट बघून जातो, हे पण त्यांना दिसलं. जवळचं कधीही होईल असं वाटतं ना, म्हणूनच ते होत नाही. तारीख हीच त्याची मुदत समज.

आणि तारीख ठरली की लगेच मुलांना सांग, निघायच्या आदल्या दिवशी सरप्राइज वगैरे नको. नेदरलँड्समध्ये दीड हजार लोकांवर एक अभ्यास झाला होता, तोही २०१० मधलाच, त्यात सुट्टीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होते ते जायच्या आधी, आणि परत आल्यावर बहुतेकांच्यात आणि घरी राहिलेल्यांच्यात फार फरक उरला नव्हता. म्हणजे वाट बघण्याचे दिवस हा सुट्टीचा अर्धा भाग आहे आणि तो फुकट मिळतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलांनाच गोल करू दे, नकाशा काढून बसा, सहा आठवडे आधीपासून रोज त्याबद्दल थोडं बोलत राहा.

किती लांब जायचं याचं माझं ठरलेलं माप आहे. कोणी फोन करून "जरा येऊन जा ना" म्हणू शकेल इतकं जवळ नको, आणि पोचेपर्यंत मुलं आणि तुझे आईबाबा थकून जातील इतकं लांब नको, साधारण दीड ते तीन तास. परदेशी प्रवासात घरातून निघणं, विमानतळावर तीन तास आधी पोचणं, रांगा, विमान, तिथून हॉटेल असं धरलं तर जाण्यायेण्यातच दोन दिवस जातात, वर वेळेचा फरक असेल तर शरीराला जुळवून घ्यायला साधारण प्रत्येक टाइम झोनमागे एक दिवस लागतो. तुझे ते दिवस वाचतायत. ते रोज नवीन ठिकाणी पळण्यात घालवू नकोस, एकच जागा घे आणि तिथेच राहा. निदान तीन रात्री. नवीन जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही ना, ते नुसतं मनाचं नाही, २०१६ मध्ये ब्राउन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांना दिसलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग गाढ झोपेतही उजव्यापेक्षा जास्त सावध राहतो, पहारा दिल्यासारखा. म्हणजे दोन रात्रींच्या ट्रिपमध्ये धड झोपेची रात्र एकच मिळते, मग विश्रांती कधी होणार. गाडीनं जाणार असाल तर धाकटीकडे लक्ष ठेव, गाडी लागायचा त्रास दोन ते बारा या वयात सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे प्रवासात तिच्या हातात मोबाईल किंवा पुस्तक नको, लांबवर बाहेर बघायला सांग आणि पोट गच्च भरून बसवू नकोस.

आता जरा कडक बोलते. सुट्टी नक्की कोणाची आहे हे निघायच्या आधी घरात बसून बोला. स्वयंपाकघर असलेली जागा स्वस्त पडते म्हणून घेतात आणि मग घरी जो माणूस रोज रांधतो, भांडी आवरतो, मुलांचे कपडे बघतो, तोच माणूस तिथे जाऊन परक्या ओट्यावर तेच सगळं करतो, ते पण अपुऱ्या भांड्यांत. मी अशा कितीतरी सुट्ट्या पाहिल्यात ज्यातून घरातले सगळे ताजेतवाने होऊन येतात आणि एक माणूस आणखी दमून येतो, आणि त्याला कोणी विचारतही नाही. परदेशाचे पैसे वाचलेत ना, त्यातले थोडे इथे खर्च कर, तयार जेवण मिळेल अशी जागा बघ, किंवा मग दिवस वाटून घ्या आणि ज्याचा दिवस नाही त्यानं त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊलही टाकायचं नाही. तुमच्या घरात हे सगळं कोण करतं ते तुला माहितीच आहे, तेव्हा हा विषय तूच काढ, तिला काढायला लावू नकोस.

आईबाबा बरोबर आहेत म्हणून आणखी एक. फोटोत पायऱ्या दिसत नाहीत. बुकिंगच्या आधी स्वतः फोन करून विचार की गाडी कुठपर्यंत येते, तिथून खोलीपर्यंत किती पायऱ्या, टॉयलेट खोलीतच आहे का आणि कमोड आहे का, रात्री लाइट गेली तर काय, जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर. औषधं सुट्टीच्या दिवसांपेक्षा दोन-तीन दिवस जास्तीची घे आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेव. ही पाच मिनिटं वाचवायला गेलो की सगळी सुट्टी एका गुडघ्यापायी अडकते.

थोरल्याचं वय असं आहे की त्याला आपल्याबरोबर यायचंच नसेल. त्याला एक पूर्ण दिवस देऊन टाक, कुठे जायचं, कधी उठायचं, काय करायचं, सगळं तो ठरवणार आणि तुम्ही मुकाट्यानं जाणार, मधे सूचना नाहीत. एवढा एक दिवस हातात आला ना की बाकीचे दिवस पोरं आपणहून जुळवून घेतात, माझ्याकडे तरी असंच झालं.

आणि एक गोष्ट मला फार मनापासून सांगायचीय, ती आकाशाची. २०१६ मध्ये प्रकाश-प्रदूषणाचा जगाचा नकाशा प्रसिद्ध झाला, त्यात असं दिसलं की जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त माणसांना ते राहतात तिथून आकाशगंगा दिसतच नाही. तुझ्या मुलांनी ती पाहिलीय का? बहुतेक नसेल. त्यासाठी समुद्र ओलांडायची गरज नाही, शहराच्या दिव्यांपासून पुरेसं लांब, अंधार असलेलं एखादं ठिकाण आणि अमावास्येच्या आसपासच्या तारखा एवढंच लागतं, म्हणून तारखा ठरवताना चंद्र बघ आणि त्या दिवसांत आकाश मोकळं असतं का तेही. रात्री सगळ्यांनी बाहेर चटई टाकून पडायचं, मोबाईल आत ठेवून, कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितला की पुन्हा पहिल्यापासून. पहिली दहा मिनिटं मुलं कंटाळतील, काही दिसत नाही म्हणतील. थांब. मग हळूहळू तारे वाढत जातात आणि कोणीतरी एकदम गप्प होतं. ऑगस्टच्या १२-१३ तारखेच्या आसपास किंवा डिसेंबरच्या १३-१४ ला जमलं तर उल्का पण दिसतात. आमच्या घरी आज मुलं मोठी झालीत, त्यांना विमानातल्या कुठल्याच प्रवासाचं इतकं आठवत नाही जितकं त्या चटईवरच्या रात्रीचं आठवतं.

जवळच्या जागेचं अजून एक सुख म्हणजे तिथे परत जाता येतं. परदेशी गेलं की पुन्हा कधी येणार म्हणून सगळं बघून घ्यायची घाई असते, इथे एखादी टेकडी राहिली तर राहू दे, पुढच्या ऋतूत या. तेच तळं पावसाळ्यानंतर कसं दिसतं आणि उन्हाळ्यात कसं, हे मुलांना दाखवता येणं मोठी गोष्ट आहे.

लॅपटॉप घरी ठेव. ऑफिसचं एक माणूस ठरवून ठेव जो खरंच आग लागली तरच फोन करेल, बाकीचे मेसेज परत आल्यावर. त्या आठवड्यात लोकांचे विमानतळावरचे फोटो बघायचेही नाहीत, दोघांनीही.

शेवटचा दिवस मात्र जपून आखायचा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे, लोकांना १४ अंशांच्या गार पाण्यात एक मिनिट हात धरायला लावला, आणि दुसऱ्या खेपेला तेच एक मिनिट आणि वर आणखी अर्धा मिनिट, त्या अर्ध्या मिनिटात पाणी फक्त एका अंशानं कोमट केलं. पुन्हा करायचं झालं तर कुठलं, विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलंच निवडलं, कारण शेवट जरा बरा झाला होता. आपण मात्र शेवटचा दिवस आवराआवरी, चिडचिड आणि ट्रॅफिकमध्ये घालवतो आणि मुलांना तेच आठवत राहतं. आदल्या रात्रीच बॅगा भर, शेवटच्या सकाळी सगळ्यांना आवडलेली एकच जागा परत बघून या, रविवारची संध्याकाळ टाळून दुपारीच निघा, आणि ऑफिसच्या आधी एक अख्खा दिवस घरी मोकळा ठेव, धुणी आणि झोप यासाठी.

रजा मंजूर झाली की मला तारखा कळव, चंद्राचं मी बघून सांगते. आणि तो पायऱ्यांचा फोन आजच कर, बाबा स्वतःहून गुडघ्याबद्दल काही बोलणार नाहीत.

तुझी,
ताई