ब्लोअर फक्त चारवर चालतो. मोटर बदलू का?

प्रश्न : ताई, माझी 2012 सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. ब्लोअरचा नॉब एक, दोन, तीनवर ठेवला तर काहीच होत नाही. चारवर नेला की एकदम जोरात सुरू होतो. गेल्या पावसाळ्यात एकदा जळका वास आला होता. त्याच्या आधी बरेच दिवस सकाळी ब्लोअर लावला की किर्र असा आवाज यायचा. गॅरेजवाले म्हणतात, मोटर गेली, पूर्ण बदला. सौ.ला तपासणीसाठी पसरणी घाट उतरून साताऱ्याला न्यावे लागते आणि काचेवर वाफ धरली की पुढचे वळण दिसत नाही. काय करू?
— एक ज्येष्ठ वाचक, पाचगणी

उत्तर : काका, मोटरचे पैसे अजून देऊ नका. चारवर जोरात फिरते ती मोटर गेलेली नाही. गेलाय तो रेझिस्टर, असे तुमच्या पत्रावरूनच जवळजवळ नक्की सांगता येते.

गोल नॉबच्या गाडीत चारवर बॅटरीचा करंट थेट मोटरला मिळतो. एक, दोन, तीनवर तोच करंट रेझिस्टरच्या तारेतून जातो, म्हणून पंखा हळू फिरतो. अडवलेल्या करंटची उष्णता होते. कमी स्पीडला 4 अँपिअर करंट आणि 2 ओहमची तार धरली तरी 32 वॅट होतात, म्हणजे आमच्या टेबलावरच्या 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त. म्हणूनच रेझिस्टर ब्लोअरच्या हवेच्या वाटेतच बसवलेला असतो; पंख्याची हवाच त्याला थंड ठेवते. हवा कमी पडली किंवा मोटर जास्त करंट ओढू लागली की त्याच्यातला थर्मल फ्यूज वितळतो आणि खालचे तिन्ही स्पीड एकदम बंद पडतात. हा भाग काही शे रुपयांत मिळतो, मोटरला काही हजार पडतात. गिऱ्हाइकाला हा फरक न सांगता मोटर बदलायला लावणे मला अजिबात पटत नाही.

पण जळक्या वासाकडे दुर्लक्ष करू नका. रेझिस्टरचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लास्टिकचा प्लग, बघितल्याशिवाय चारवरही ब्लोअर लावू नका. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. डाव्या सीटसमोरचा ग्लोव्ह बॉक्स उतरवा. बहुतेक लहान गाड्यांत तो दोन्ही बाजूंनी आत दाबला की सुटतो. मागे ब्लोअरचा काळा डबा दिसेल आणि त्याच्या अंगालाच दोन स्क्रूंवर रेझिस्टर असेल. पिवळ्या कपलरला हात लावू नका, तो एअरबॅगचा असतो. रेझिस्टरचा कपलर काढून निरखून बघा. प्लास्टिक तपकिरी झाले असेल, पिन काळी पडली असेल, तर कपलरही तारेसकट बदलायला हवा. जुन्या सैल कपलरला नवा रेझिस्टर लावला तर तिथेच पुन्हा गरम होतो. अशा गाड्या माझ्याकडे नेहमी येतात. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून रेझिस्टरच्या पिना तपासा. चांगल्या रेझिस्टरवर अर्ध्या-एका ओहमपासून दोन-तीन ओहमपर्यंत आकडा मिळतो. काहीच दाखवत नसेल तर आतली तार किंवा फ्यूज तुटला. तो फ्यूज तारेने जोडून काम भागवणारे लोक आहेत. त्यांच्या हाती गाडी देऊ नका. पुढच्या वेळी तिथे फ्यूज वितळणार नाही, आग लागेल.

आता खरा प्रश्न, रेझिस्टर जळला का? तुमच्याकडे सिल्व्हर ओकची झाडे ठायी ठायी. त्यांची पाने पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत पडतात, तिथली पाणी जायची वाट तुंबवतात, केबिन फिल्टर चोंदवतात. फिल्टर काढून उजेडासमोर धरा. पलीकडचे काही दिसत नसेल तर हवा कमी पडतच होती. जाळी उचलून पाने काढा आणि वरून थोडे पाणी ओतून ते खाली रस्त्यावर पडते का बघा. पडत नसेल तर मुसळधार पावसात ते ब्लोअरवर जाईल.

दुसरे, ती किरकिर. पंख्यात पान अडकले असेल तर फडफड किंवा खरखर होते. सकाळच्या गारव्यात किर्र वाजते ती बहुधा मोटरची कोरडी बुश, म्हणजे दांडा जिच्यात फिरतो ती कडी. मोटर जड फिरते, करंट जास्त ओढते आणि भार रेझिस्टरवर पडतो. बॅटरी सोडलेली असतानाच पंखा बोटाने फिरवून बघा. सोडल्यावर थोडा स्वतःहून फिरत राहायला हवा. मग बॅटरी जोडून चारवर करंट मोजून घ्या, डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने. घरगुती वायरिंगचे साधे मीटर चालत नाही. लहान गाडीला साधारण 10 ते 20 अँपिअर लागतात. त्याहून बराच जास्त आला तर मोटर दुरुस्तीला काढा किंवा बदला, आणि तेव्हा तो खर्च योग्य आहे.

ज्यांचा ब्लोअर चारवरही फिरत नाही, त्यांच्यासाठी इथेच लिहिते. आधी फ्यूज बॉक्समधला ब्लोअरचा फ्यूज बघा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, मोठा कधीच नाही. नवाही उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठे तरी घासली आहे. उंदराने कुरतडलेली वायर तर आपल्याकडे रोजची. फ्यूज चांगला असेल तर नॉब चारवर ठेवून मोटरच्या कपलरवर व्होल्टेज बघा, पण कपलर जोडलेला ठेवून, मागून पिना टोचून. कपलर काढून मोजले तर तुटत आलेल्या वायरच्या एका उरलेल्या तारेतूनही मल्टिमीटर 12 व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो. खरी परीक्षा भार असतानाच होते. मोटरच्या दोन्ही पिनांमध्ये पूर्ण व्होल्टेज मिळूनही ती फिरत नसेल, तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिच्यावर हलकेच टिचकी द्या. टिचकीने फिरली तर कार्बन ब्रश झिजलेत. व्होल्टेज कमी असेल तर मोटरची अर्थिंगची पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये मोजा. तिथे अर्धा व्होल्टही मिळाला तर अर्थिंग खराब. काही गाड्यांत नॉब अर्थिंगच्याच बाजूला असतो, तेव्हा दोष नॉबमध्येही असू शकतो. ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते, तिथे ओहमची वरची परीक्षा लावू नका.

कपलर ठीक निघाला तर नवा रेझिस्टर मिळेपर्यंत घाटात चारवर चालवा. हवेचा रोख काचेकडे, बाहेरची हवा चालू, एसी चालू आणि तापमानाचा नॉब गरमकडे. एसी हवेतला दमटपणा काढतो, गरम हवा काच कोरडी करते. दोन्ही एकत्र लागतात. काच आतून स्वच्छ पुसा, चिकट थरावर वाफ लवकर धरते. आणि सौ.ना घेऊन निघण्याआधी अंगणातच इंजिन चालू करून काच साफ झालेली बघा, मगच घाटाला लागा.

प्रश्न : ब्लोअर चारही स्पीडला छान चालतो, पण थंडीत हीटर लावला तर हवा कोमटच येते.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ब्लोअरला हात लावू नका, दोष बहुधा कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाजूला किंवा हवेच्या झडपेत आहे. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी बघा. मग इंजिन तापवून डॅशबोर्डकडे जाणारे हीटरचे दोन पाइप जपून चाचपा. दोन्ही गरम असतील तर गरम-गार हवा वळवणारी आतली झडप किंवा तिची केबल अडकली. एक गरम आणि एक गार असेल तर हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागची हीटरची जाळी, चोंदली किंवा पाण्याचा कॉक बंद आहे. दोन्ही कोमट असतील आणि कूलंट पुरेसे असेल, तर थर्मोस्टॅट बघा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. इंजिन तापू नये म्हणून तो काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे आणि ती चूक आहे. नसेल तर बसवून घ्या, उघडाच अडकला असेल तर बदला. हीटर गरम येईल आणि इंजिन वेळेत तापल्याने पेट्रोलही कमी जळेल.