कोल्हापूरहून लांबचा रेल्वेप्रवास पुन्हा सुरू करायचाय. गाडी, डबा आणि तयारी कशी ठरवावी?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा दिसतो: बरीच वर्षं स्लीपर बस आणि विमानावर भागलं, आता साठी ओलांडलेल्या आई-वडिलांना घेऊन तिरुपती किंवा नागपूर रेल्वेने करायचंय, पण दगदग नको आणि प्रवासाची मजाही यायला हवी. दोन्ही जमतं. फक्त गाडी निवडताना पोहोचायची वेळ सगळ्यात शेवटी बघा. आधी हे बघा की उजेड असताना ती कुठून जाते.

रात्री चढून सकाळी उतरायचं असेल तर तो प्रवास नाही, झोप आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेस कामासाठी मुंबईला जायला झकास, पण तिच्या खिडकीतून दिसतात ते फलाटांवरचे दिवे. त्यामुळे वेळापत्रक घेऊन बसा आणि सकाळी सहा ते संध्याकाळी साडेसहा या वेळेत येणाऱ्या स्टेशनांखाली पेन्सिलने रेघ मारा. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळचा अर्धा तास कमीच धरा.

या हिशेबाने तिरुपतीची हरिप्रिया एक्स्प्रेस (१७४१६) कोल्हापूरकरांसाठी सगळ्यात सोयीची. ती बाराच्या आसपास निघते, म्हणजे घरून जेवून निघता येतं. मिरज सोडलं की उगार-कुडचीच्या दरम्यान कृष्णा ओलांडते, मग उसाचा पट्टा, घटप्रभा, बेळगाव. खरी मजा त्यापुढे, खानापूर ते लोंढा. दुपार कलताना गाडी तिथल्या जंगलात शिरते. हुबळी येईस्तोवर अंधार पडतो आणि गदग, बळ्ळारी, गुंटकल झोपेत जातात. सकाळी कडप्याच्या पुढे शेषाचलमची रांग सोबतीला येते. म्हणजे दोन्ही टोकं उजेडात आणि मधला सपाट मुलूख रात्रीत.

नागपूरसाठी महाराष्ट्र एक्स्प्रेस (११०३९). कोल्हापूर ते गोंदिया, साधारण साडेतेराशे किलोमीटर, आणि सगळी धाव एकाच राज्यात. दुपारी निघते. साताऱ्याच्या अलीकडे-पलीकडे उजेड संपतो, पुणे-दौंड रात्रीत, आणि जाग येते ती खानदेशात. मग जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा करत दिवसभर वऱ्हाड. घाट-दऱ्या नाहीत; केळीच्या बागा, काळी रानं आणि कापूस आहे. ज्यांना डोंगरच हवेत त्यांना ही गाडी कंटाळवाणी वाटेल. लोक कसे बदलतात, डब्यातली बोली कशी बदलते हे ऐकायला आवडत असेल तर हिला तोड नाही. हिचे थांबे भरपूर आहेत आणि ही रखडते, हे धरून चाला. उतरल्यावर लगेच दुसरी गाडी पकडायची असेल तर मध्ये निदान तीन तास मोकळे ठेवा.

आई-वडिलांना एकदम चोवीस तासांत घालण्याआधी रंगीत तालीम म्हणून मुंबईची कोयना एक्स्प्रेस करा. सकाळी निघते, दिवसभर चालते, आणि लोणावळ्याच्या पुढचा बोर घाट उन्हं उतरताना लागतो. तिथला चढ ३७ फुटांना एक फूट, त्यामुळे खाली जाताना गाडी दबकत उतरते.

दूधसागर बघायचा असेल तर एक गोम लक्षात ठेवा. मिरजेहून वास्कोकडे जाणारी गोवा एक्स्प्रेस घाटातून रात्री जाते, काहीच दिसत नाही. परतीची, म्हणजे वास्कोहून निघणारी १२७७९, दुपारी सुटते आणि कुळे ते कॅसलरॉक हा घाट उजेडात चढते. तेव्हा गोव्याला रस्त्याने जा आणि येताना रेल्वेने या. मिरजेत उतरायला रात्र होते. तिथून पुढचे पन्नासेक किलोमीटर गाडी सांगून ठेवलेली बरी.

आता डबा. आई-वडील सोबत असतील तर खर्च थोडा जास्त करून एसी टू घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण थंडावा नव्हे, मधला बर्थ. थ्री-टियरमध्ये एकाने मधला बर्थ उघडला की खालच्या माणसाला ताठ बसता येत नाही, आडवंच व्हावं लागतं. नियमाने झोपायची वेळ रात्री १० ते सकाळी ६ आहे, पण दुपारी तीनला मधला बर्थ उघडून घोरणारे प्रत्येक गाडीत असतात. एसी टूमध्ये मधला बर्थच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, तब्येती ठणठणीत असतील तर साधा स्लीपरही घ्या; उघड्या खिडकीचा वारा आणि वास एसीच्या काचेतून येत नाही. एप्रिल-मे मात्र स्लीपरच्या वाटेला जाऊ नका.

बर्थ नंबरवरून जागा ओळखायची रीत सोपी आहे. स्लीपर आणि एसी थ्रीमध्ये नंबराला आठने भागा: बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा, २ किंवा ५ तर मधला, ३ किंवा ६ तर वरचा, ७ उरली तर साइड लोअर, आणि पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. एसी टूमध्ये सहाने भागा: १ आणि ३ खालचे, २ आणि ४ वरचे, ५ साइड लोअर. डब्याच्या दोन्ही टोकांचे नंबर टाळा. तिथे संडासाचं दार रात्रभर आपटतं, आणि खालीच चाकांचा सांगाडा असल्याने हादरेही जास्त. डब्याच्या मध्यावर, तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान थ्री-टियरमध्ये सगळ्यात शांत.

खिडकीसाठी राजा म्हणजे साइड लोअर. दिवसा त्याच्या दोन समोरासमोर खुर्च्या होतात, एक खिडकी दोघांत. रात्री मात्र दोन पाठी पाडून बर्थ होतो तेव्हा मधोमध फट राहते. ती कमरेखाली येते आणि सकाळी पाठ धरते. घडी घातलेली जाड चादर तिथे आडवी टाका. बर्थची लांबीही आतल्या बर्थपेक्षा कमी. पावणेसहा फुटांच्या पुढच्या माणसाने तिथे झोपू नये.

ऊन कुठल्या बाजूला येईल तेही बघा. पुण्याकडे, म्हणजे उत्तरेला जाताना दुपारचं ऊन डाव्या खिडकीत. हरिप्रियाने दक्षिणेला जाताना उजव्या. काही जंक्शनवर इंजिन दुसऱ्या टोकाला लागून गाडीचं तोंड फिरतं, मग बाजू उलटते आणि फलाटावरचा डब्यांचा क्रमही.

तिकिटाचं. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० दिवस होते), सकाळी ८ वाजता. आयआरसीटीसीचं खातं आधारशी आधीच जोडून ठेवा, त्या दिवशी सकाळी ते करत बसलात तर जागा गेल्या. साठीवरचे पुरुष आणि पंचेचाळिशीवरच्या स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे. इथे बहुतेक जण फसतात: तो एकट्याला किंवा अशा दोघांनाच मिळतो, त्याच तिकिटावर तुमचं तरुण नाव घातलं की लागू होत नाही. म्हणून आई-वडिलांचं तिकीट वेगळं काढा, तुमचं वेगळं. नेहमीच्या कोट्यातून काढत असाल तर 'किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच' हा पर्याय टिचकवा. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे.

आता फारसं कुणी न वापरणारी गोष्ट: वर्तुळाकार प्रवासाचं तिकीट. निघालो तिथेच परत यायचं, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचं, आणि भाडं धरतात ते एकूण अंतराच्या निम्म्या-निम्म्या दोन सलग प्रवासांचं. अंतर वाढलं की दर किलोमीटरचा दर उतरतो, म्हणून तुकड्या-तुकड्यांच्या तिकिटांपेक्षा हे स्वस्त पडतं. पण एकाच मार्गावरून दोनदा जाता येत नाही, आणि कोल्हापूर आहे शेवटचं स्टेशन. मिरज-कोल्हापूर पट्टा जाता-येता दोनदा येणारच. म्हणून वर्तुळ मिरजेपासून आखा: मिरज, लोंढा, हुबळी, होस्पेट, गुंटकल, वाडी, सोलापूर, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज. होस्पेटला उतरून हंपीचं विठ्ठल मंदिर, आणि परतीच्या वाटेवर पंढरीचा विठोबा. वारकरी घरातल्या आई-वडिलांना यापेक्षा चांगली वाट दाखवता येणार नाही. हे तिकीट ऑनलाइन नाही. मार्ग कागदावर लिहून विभागीय कार्यालयाकडे, आपल्यासाठी पुणे विभागाकडे, अर्ज करायचा आणि प्रत्येक टप्प्याचं आरक्षण नंतर वेगळं घ्यायचं. महिनाभराची सवड ठेवा.

खाणं. पहिलं जेवण घरचं, दुसरंही घरचंच, तिसऱ्याला स्टेशनवरचं. दोन दिवस टिकायला दशम्यांना पर्याय नाही. अर्धा किलो कणकेला चमचाभर तेल, चिमूटभर मीठ, आणि मळायला फक्त दूध. पाण्याचा एक थेंब पडला की टिकाऊपणा गेला. बारा-चौदा होतात, चौघांच्या दोन वेळा भागतात. भाजल्यावर सुती फडक्यावर सुट्ट्या पसरून पूर्ण गार करा, मगच डब्यात भरा. गरम रचल्या की वाफ आतच जिरते आणि दुसऱ्या सकाळी त्या आंबूस लागतात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि तेलावर परतलेला खर्डा. दहीभात न्यायचाच तर भात दुधात कालवून त्यात चमचाभरच दही घाला, म्हणजे चार-पाच तासांनी खाताना आंबट होत नाही. जयसिंगपूरचं भडंग घट्ट झाकणाच्या डब्यात. आणि कृपा करून उकडलेली अंडी एसी डब्यात उघडू नका.

बाहेरचं मागवायचं तर पीएनआर टाकून आयआरसीटीसीच्या ई-केटरिंगवरून मागवा, पण गाडी दहा मिनिटं तरी थांबते असंच स्टेशन निवडा. दोन मिनिटांच्या थांब्यावर पोऱ्या डबा शोधेपर्यंत गाडी हलते.

सामान बर्थखाली जाईल असंच घ्या. कडक कवचाच्या उंच सुटकेसपेक्षा मऊ सॅक बरी. खालच्या बर्थखाली कड्या असतात, त्यांना साखळी-कुलूप लावा. चार्जिंगचे सॉकेट रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवायचा नियम आहे, म्हणून फोन दहाच्या आत भरून घ्या. आणि स्लीपरमध्ये फोन खिडकीशी लावून झोपू नका, फलाटावरचा हात आत येतो. संडासात पाणी संपलं किंवा घाण झाली तर टीसीशी वाद घालण्यापेक्षा १३९ वर डब्याचा नंबर देऊन तक्रार नोंदवा. पुढच्या मोठ्या स्टेशनवर माणूस येण्याची शक्यता बरीच जास्त.

जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी पंचगंगेची पातळी बघा. रुकडीजवळच्या पुलाशी पाणी चढलं की कोल्हापूर-मिरज वाहतूक थांबवतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तसंच झालं. अशा वेळी गाडी मिरजेतूनच सुटते, पण रस्तेही पाण्याखाली असतात. पूर ओसरेपर्यंत प्रवास पुढे ढकला.