उत्तर: पहाटे तीनला फर्नेस गार वारा का फेकते

अमेरिकेत यूटामधल्या मोआबच्या बाहेर सरकारी जमिनीवर राहायचा ट्रेलर लावला, ना वीज ना पाणी, झोपताना सगळं ऊबदार, आणि पहाटे तीनला फर्नेसचा (ट्रेलर ऊबदार ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीचा) पंखा फिरतोय पण हवा गार, असं तुम्ही लिहिलंय. आता फर्नेसऐवजी दुसरं काय बसवू, हा तुमचा प्रश्न. ‘पंखा फिरतोय’ एवढं वाचूनच मला माझे गेलेले सातशे डॉलर आठवले.

आमचंही अगदी हेच झालं होतं. बाहेर १५ फॅरनहाइट, म्हणजे उणे नऊ सेल्सियस. मुलगी टोपी-मोजे घालून दोन गोधड्यांखाली, आणि मी टॉर्च तोंडात धरून थर्मोस्टॅटशी झटापट करतोय. परत आल्यावर ट्रेलर एका सर्व्हिस सेंटरला नेला (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको). त्यांनी तो आत घेतला, विजेला जोडला, फर्नेस लावली. मस्त चालली! ‘काही बिघाड नाही’ म्हणून तपासणीचे पैसे घेतले. पुढच्या ट्रिपला पुन्हा तेच. मग त्यांनी कंट्रोल बोर्ड बदलला. तिसऱ्या खेपेला सेल स्विच (sail, म्हणजे शीड; बॅटरीचा सेल नव्हे). प्रत्येक वेळी मी सांगत होतो की बाबांनो, हे फक्त रात्री आणि फक्त बॅटरीवर होतं. काउंटरवरचा माणूस मान डोलवायचा आणि कागदावर लिहायचा ‘फर्नेस पेटत नाही’. एकानेही ट्रेलरचा प्लग काढून बघितलं नाही. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

शेवटी शेजारच्या ट्रेलरमधल्या एका आजोबांनी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) आणला आणि दोन मिनिटांत उलगडा झाला. १२ व्होल्टची बॅटरी १०.६ वर उतरलेली. फर्नेसच्या पंख्याच्या झोतात एक पातळ पट्टी असते, तोच सेल स्विच. झोत जोरात असला तरच ती ढकलली जाते आणि मगच गॅस उघडतो, ठिणगी पडते. व्होल्टेज उतरलं की पंखा फिरतो, आवाजही करतो, पण पट्टी ढकलण्याइतका दम त्यात नसतो. म्हणून गार वारा.

हिशोब करा. पंखा साधारण ८ अँपिअर खातो. निम्मा वेळ चालला तरी तासाला ४ अँपिअर-तास गेले. ट्रेलरबरोबर डीलर देतो ती एकुलती एक बॅटरी ८० अँपिअर-तासांची, त्यातले ४० वापरायचे, थंडीत त्याहून कमी. रात्री आठपासून मोजा, तीनपर्यंत सात तासांत २८ गेलेले असतात.

तेव्हा आधी बॅटरी, मग पर्याय. मी ६ व्होल्टच्या दोन गोल्फकार्टच्या बॅटऱ्या जोडल्या. लिथियम बॅटरी घेणार असाल तर ट्रेलरच्या आत ठेवा. शून्य सेल्सियसखाली ती चार्ज होऊ द्यायची नसते, चांगल्या बॅटरीत चार्जिंग आपोआप तुटतं. वर सोलर लखलखतंय आणि बॅटरी रिकामी, असा तमाशा मी दुसऱ्यांचा पाहिलाय.

आता पर्याय. विजेचा हीटर इन्व्हर्टरवर लावायचं मनात असेल तर विसरा. १,५०० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर सव्वाशे अँपिअर.

पंखा नसलेला गॅसचा कॅटॅलिटिक हीटर (ज्वाळेशिवाय गॅस जाळणारा) मी एक हिवाळा वापरला. वीज शून्य, ऊब छान, पण जळलेलं सगळं आतच राहतं. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ लिटर पाणी वाफ होऊन खोलीत येतं. नऊ किलोच्या सिलिंडरचं गणित तुम्हीच करा. आमच्या गादीच्या खालच्या बाजूला बुरशी आली, ती टाकावी लागली. खिडकी आणि छतावरचा झरोका थोडा उघडा हवाच, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू हवा, आणि झोपताना हीटर बंद. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या आपण लहानपणापासून वाचतोय. हाही त्याच जातीचा धोका. शिवाय ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद होणारे छोटे हीटर ७,००० फुटांच्या वर उगाच बंद पडू शकतात. मोआबला अडचण नाही, पण पुढे उंचावरच्या ब्राइस कॅन्यनला जाणार असाल तर लक्षात ठेवा.

माझं मत विचाराल तर डिझेल हीटर. जळायला लागणारी हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर टाकतो, आत कोरडी ऊब. सुरू होताना ८-१० अँपिअर ओढतो, नंतर एक-दोनवर येतो. दोन किलोवॉटचा तासाला फार तर पाव लिटरच्या आसपास डिझेल पितो. सतत मंद ठेवलात तर काजळी धरते, म्हणून रोज अर्धा तास पूर्ण जोरात चालवा. बंद करताना वीज तोडू नका, त्याला स्वतःचं थंड होऊ द्या. पंपाची टकटक पहिल्या रात्री डोक्यात जाते. धुराचा पाइप खिडकीखाली आणू नका. (मी मेकॅनिक नाही. गॅसच्या जोडणीला तर मी स्वतःही हात लावत नाही.)

आणि फर्नेस काढून टाकू नका! बऱ्याच ट्रेलरांत तिचीच गरम हवा खालच्या पाण्याच्या टाक्या आणि पाइपांकडे जाते. वर आपण शर्टावर बसलेलो आणि खाली पाइप गोठलेला, हे आमच्याकडे झालंय. मी ती ४५ फॅरनहाइटवर (सात सेल्सियस) लावून ठेवतो, रात्रीत दोन-चारदा चालते. कडाक्याच्या थंडीत टाकी रिकामी करून कॅनमधलं पाणी वापरतो. बादली आणि तांब्याची सवय आपल्याला आहेच.

अंथरुणात रबरी गरम पाण्याची पिशवी घ्या. आमच्या आईने भारतातून येताना आणलेली अजून चालतेय.

काहीही विकत घेण्याआधी एक करा. रात्री, प्लग न लावता, पंखा चालू असताना, बॅटरीवर आणि फर्नेसच्या तारांवर असं दोन्हीकडे व्होल्टेज मोजा. दोन्ही आकडे इथे टाका. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला तर बॅटरी नाही, तारा बारीक आहेत किंवा जोड सैल आहे.