विंडोज पासवर्ड स्वीकारत नसेल, तर संगणक फॉरमॅट करण्याशिवाय पर्याय नाही का?

आपल्या प्रश्नावरून एवढे समजले की, काही दिवसांनी लॅपटॉप उघडल्यावर विंडोज ११ आपला नेहमीचा पासवर्ड स्वीकारत नाही, आत महत्त्वाच्या फाइली आहेत, त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही आणि ओळखीच्या एका व्यक्तीने सरळ फॉरमॅट करण्याचा सल्ला दिला आहे. तो सल्ला कृपया आज मानू नका. पासवर्ड विसरल्यामुळे फाइली जात नाहीत, त्या घाईघाईने केलेल्या उपायांमुळे जातात. आपल्याला नेमके कोणत्या कुलपाने अडवले आहे, हे आधी ओळखणे गरजेचे आहे, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केल्यास नुकसान होऊ शकते.

सर्वप्रथम कीबोर्ड तपासा. ज्यांच्या संगणकावर मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही कीबोर्ड बसवलेले असतात, त्यांच्या बाबतीत पासवर्ड बरोबर असूनही कीबोर्ड दुसऱ्या भाषेवर राहिल्याने तो चुकतो, आणि चौकटीत फक्त ठिपके दिसत असल्यामुळे हे लक्षातही येत नाही. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात चालू भाषेची खूण असते. विंडोजची कळ धरून स्पेस दाबल्यास भाषा बदलते. पासवर्ड टाइप केल्यावर चौकटीच्या उजव्या टोकाला डोळ्याचे चिन्ह येते, ते दाबून धरल्यास आपण प्रत्यक्षात काय लिहिले आहे ते वाचता येते. कॅप्स लॉक तर पाहाच, पण नम लॉकही पाहा: वेगळा अंकफलक नसलेल्या काही लॅपटॉपवर तो चालू राहिला, तर जे, के, एल या कळांमधून १, २, ३ उमटतात. वारंवार अंदाजाने पासवर्ड टाकत राहू नका. नव्याने बसवलेल्या विंडोज ११ मध्ये १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते १० मिनिटांसाठी बंद होते आणि त्या काळात खरा पासवर्डही चालत नाही.

कीबोर्ड ठीक असेल, तर खाते कोणत्या प्रकारचे आहे ते पाहा: ईमेलने चालणारे मायक्रोसॉफ्टचे, की फक्त त्या संगणकापुरते. चौकटीखालच्या 'साइन-इन ऑप्शन्स'मध्ये पिन आणि पासवर्ड असे वेगवेगळे पर्याय दिसत असतील, तर आपण एकाच्या जागी दुसरे तर टाकत नाही ना, याचीही खात्री करा. पिन त्या एकाच संगणकापुरता असतो, तो विसरल्यास 'आय फरगॉट माय पिन' निवडून खात्याच्या पासवर्डच्या आधारे नवा ठेवता येतो. मायक्रोसॉफ्ट खात्याचाच पासवर्ड विसरला असेल, तर दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर तो बदला. त्यासाठी खात्याला जोडलेल्या मोबाइलवर किंवा पर्यायी ईमेलवर कोड येतो. येथे पुष्कळ जण अडखळतात: पासवर्ड बदलूनही लॅपटॉप आत घेत नाही, कारण तो इंटरनेटला जोडलेला नसल्यामुळे जुन्याच पासवर्डची अपेक्षा करत असतो. म्हणून लॉगिनच्या पडद्यावरच कोपऱ्यातील चिन्हावरून वाय-फाय जोडा आणि मग नवा पासवर्ड टाका.

खाते फक्त त्या संगणकापुरते, म्हणजे लोकल असेल, तर चुकीचा पासवर्ड टाकल्यावर खाली 'रीसेट पासवर्ड' असा दुवा येतो आणि खाते तयार करताना ठरवलेले ३ सुरक्षाप्रश्न विचारले जातात. ते ठरवलेले नसतील, पण त्याच संगणकावर ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार असलेले दुसरे खाते असेल, तर तेथून आपला पासवर्ड बदलता येतो. मात्र अशा रीतीने बदलल्यास विंडोजच्या स्वतःच्या सोयीने एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेल्या फाइली आणि साठवलेले इतर पासवर्ड गमावले जाऊ शकतात, म्हणून हा मार्ग सुरक्षाप्रश्नांनंतरचा समजावा. कार्यालयाचा किंवा महाविद्यालयाचा लॅपटॉप असेल, तर यांपैकी काहीही न करता तेथील आयटी विभागाला सांगणेच योग्य.

निळ्या पडद्यावर 'बिटलॉकर रिकव्हरी' असे लिहून आले असेल, तर मात्र गोष्ट वेगळी आहे. बिटलॉकर ही संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय आहे. तेथे पासवर्ड नव्हे, तर ४८ अंकांची रिकव्हरी की लागते. मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज सुरू केलेले असल्यास ती की बहुधा त्याच खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या संगणकावरून त्या खात्यात जाऊन उपकरणांच्या यादीत रिकव्हरी की शोधा आणि पडद्यावर दिसणाऱ्या की आयडीची पहिली ८ अक्षरे जुळतात का ते पाहा. एकाच खात्यावर अनेक संगणकांच्या की साठलेल्या असू शकतात. ही की मायक्रोसॉफ्टसुद्धा नव्याने तयार करून देऊ शकत नाही, त्यामुळे 'आम्ही बिटलॉकर तोडून देतो' म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. तसेच इंटरनेटवर सापडलेल्या मदत-क्रमांकावर फोन करून स्वतःचा पासवर्ड किंवा कोड कोणालाही सांगू नका. अडचणीत सापडलेली माणसे अशा ठिकाणी फार सहज फसतात आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

वरील सगळे मार्ग बंद झाले, तरीही फॉरमॅटपूर्वी एक पायरी उरते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा (विंडोजऐवजी संगणक चालवू शकणाऱ्या दुसऱ्या प्रणालीचा) पेन ड्राइव्ह तयार करून लॅपटॉप त्यावरून सुरू करा. विंडोज नीट बंद झालेले नसल्यास लिनक्स ती डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडू शकते. आपल्याला तेवढेच पुरेसे आहे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा, त्यांतील चार-दोन फाइली उघडून खात्री करा, आणि मगच शिफ्ट धरून 'रीस्टार्ट' दाबल्यावर येणाऱ्या 'ट्रबलशूट'मधील 'रीसेट धिस पीसी' वापरा.

आपल्या लॉगिनच्या पडद्यावर नावाखाली ईमेल दिसतो की फक्त नाव, आणि पासवर्ड चुकल्यावर खाली कोणता दुवा येतो, एवढे कळवले, तर यांतील कोणता मार्ग आपल्यासाठी आहे ते मी निश्चित सांगू शकेन.